पान एकपासून

मनोगताच्या पानांना आकडे नकोत, एक, दोन, तीन असं अक्षरी लिहावं, मोठ्या ग्रंथांत तसंच असतं, असं रमाबाईंनी सुचवलं तेव्हा कृष्णकांतराव खुर्चीत सावरून बसले. मुखपृष्ठावर नुसतं पुस्तकाचं नाव असावं, तेच भारदस्त दिसतं, हेही त्यांना पटलं. बायकोचं पटलं असं म्हणायची त्यांची रीत नव्हती. त्यांनी हेतलला सांगितलं, "मी म्हणतो तसं करा."

कॉम्प्युटर आकडे आपोआप टाकतो, अक्षरी मात्र हातानं टाकावे लागतात, असं हेतल कुरकुरली. पनवेलच्या बाजारात डीटीपीचा गाळा चालवणारी ही मुलगी कामाला चोख. तिनं सुरुवातीच्या सोळा पानांची वेगळी फाइल केली आणि मूळ मजकुराला एकपासून आकडे लावले.

पुस्तक लग्नातल्या धवल्यांचं. नेऱ्याला, जासईला, मांडवाच्या घरी ओट्यावर बसून रमाबाईंनी ती गाणी म्हाताऱ्या बायकांकडून उतरवून घेतली होती. सुकटीच्या वासानं कृष्णकांतरावांचं डोकं उठे, म्हणून ते त्या वाटेला कधी फिरकले नाहीत. मनोगतात मात्र ते पायाला भिंगरी लावून गावोगाव हिंडले होते. शेवटी एक ओळ होती, 'सौ.ने चहाफराळाची बाजू सांभाळली.'

प्रूफ वाचताना रमाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली होती. त्यांनी तेवढे ऱ्हस्वदीर्घ सुधारले आणि कागद परत दिले.

पानं पाहून कृष्णकांतराव खूश झाले. प्रकाशनाच्या पत्रिका वाटायच्या होत्या, ते निघाले. जाताना हेतलला म्हणाले, बाईंना काही समजलं नाही तर मला विचारा.

त्यांची स्कूटर कोपऱ्यावर वळलेली रमाबाईंनी दारातून पाहिली.

"हेतल, ही पहिली सोळा पानं काढली तर कुणाला कळेल?"

"वाचणाऱ्याला नाही कळणार, काकू. पुस्तक एकपासूनच सुरू होतं." हेतलनं वरची पानं चाळली. "पण सरांचा फोटो, मनोगत, संपादक म्हणून नाव, सगळं त्यातच आहे."

"म्हणून तर वेगळं करून घेतलं," रमाबाई म्हणाल्या. "प्रेसला एकपासून पाठव."

हेतलनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग सोळा पानं उचलून टेबलाखाली ठेवली आणि उरलेल्या गठ्ठ्याला रबर लावलं.

गाळ्याची पायरी उतरताना रमाबाईंना कडकडून भूक लागली.