तीन राण्या

"पोरी, खोटं बोलायचं नाही. थट्टेत नाही नि खेळातही नाही." वडिलांचं हे सांगणं तिने लग्नानंतरही व्रतासारखं पाळलं होतं.

म्हणूनच नवरा तिला पोकरला घेत नसे. "हा काय नशिबाचा खेळ वाटला तुला? समोरचा माणूस वाचता आला पाहिजे, बेमालूम थाप मारता आली पाहिजे. तुझं काम नव्हे ते!"

दाढेने त्याचा गाल मात्र टम्म सुजला होता, आणि दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की स्वारी विषय बदलायची. शेवटी तिनेच पैज लावली. शिवणाच्या डब्यातली बटणं दोघांत निम्मी निम्मी वाटली. नवऱ्याची आधी संपली तर त्याने तडक डॉक्टरकडे जायचं, तिची संपली तर तिने पुन्हा दाढेचं नाव काढायचं नाही.

"दिला शब्द," तो म्हणाला.

तिसऱ्याच डावात तिने आपली सगळी बटणं पुढे सरकवली. "अहो, माझ्याकडे तीन राण्या आहेत. उगाच पुढे येऊ नका."

त्याने तिचा चेहरा नीट निरखला आणि टाळी वाजवून हसला. "मोडलंस ना शेवटी व्रत! अगं, पोकरमध्ये खरं कोण सांगतं?" असं म्हणत त्याने दोन एक्क्यांच्या जोरावर स्वतःचीही सगळी बटणं लावून टाकली.



बदाम, चौकट, इस्पिक... तिने तिन्ही राण्या ओळीने मांडल्या, आणि माणसं वाचणारा तो गडी गालावर हात धरून मुकाट्याने पायांत चपला सरकवू लागला.