उडत्या राणीचा हात

"या घरातली एक तरी बाई तोंडाला रंग लावून चारचौघांत उभी राहिलेली दाखव," कुसाबाई म्हणाली, "मग खुशाल जा तुझ्या नाटकाला."

हर्षाली तिची नात. कॉलेजच्या नाटकात तिला मोठं काम मिळालं होतं. दसरा झाला की दुसऱ्या दिवसापासून तालमी. येणार की नाही ते मॅडमना आज संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायचं होतं. नाही म्हटलं तर काम दुसरीला जाणार होतं.

मखमलाबादच्या त्या घरात ओटीवर झेंडूचा ढीग पडला होता. उद्याच्या बाजारासाठी माळा ओवायच्या होत्या. कुसाबाई टीव्हीकडे पाठ करून बसली होती. पोलक्याच्या बाह्या नेहमीसारख्या मनगटापर्यंत. फुलांवर पाणी मारताना बाही भिजली, तरी तिनं ती वर सारली नाही.

"दाखवायची कशाला, ही काय समोर बसलीय," लंकाबाई म्हणाली. ती कुसाबाईची धाकटी जाऊ. तिच्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या असतात, असं घरात सगळे म्हणायचे. "गंगापूर धरणापाशी शूटिंग आलं होतं. 'नीलपंख राणी'. त्यात राणी उडते ना, ती मी."

"लंकाआजी, मागच्या महिन्यात तू वाघाला भाकरी घातली होतीस," दीपक म्हणाला. हा लंकाबाईचा नातू. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नुकताच लागला होता आणि प्रत्येक गोष्ट मोजून मापून घ्यायचा.

"अर्धी घातली. अर्धी मी खाल्ली. ती सीडी लाव, मी आणलीय सकाळीच."

दीपकनं सीडी लावली. सिनेमा जुना, रंग उडालेला. राणी पांढऱ्या घोड्यावरून आली, वडाखाली उतरली आणि दोन्ही हात पसरून उडाली. दीपकनं रिमोट दाबला.

"हे बघ. खाली होती तेव्हा गळ्यात झेंडूचा हार. वर गेली तर शेवंतीचा."

"झेंडूचा घोड्यानं खाल्ला," लंकाबाई म्हणाली. "मग दुसरा आणावा लागला."

हर्षालीला हसू आलं. दीपकला नाही आलं.

"आणि सूर्य? उडताना समोर, उतरताना पाठीमागे. राणी वळलीच नाही."

"त्याला थांब म्हणून सांगितलं होतं. तो काय कंपनीचा नोकर हाय?"

"लंके, फुलं कमी तुडव, तोंड कमी चालव," कुसाबाई मागं न बघता म्हणाली.

"जाऊबाई, तुमचं काय जातंय? अट तुम्हीच घातली. एक बाई दाखव म्हणालात."

"खरी बाई म्हणाले."

दीपकनं सिनेमा थोडा मागं नेला, पुढं नेला आणि परत थांबवला. मग टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसला.

"इथं तर कहर आहे. उडताना राणीच्या डाव्या हातावर गोंदण आहे. बघ, हर्षे. तुळशीवृंदावन. खाली दोन ठिपके. आता उतरली. हात कोरा."

कुसाबाईला दाभण टोचलं. तिनं बोट तोंडात घातलं.

"सिनेमावाल्यांची चूक," हर्षाली म्हणाली.

"चूक कसली? उडणारी बाई वेगळी," दीपक म्हणाला. "नटीला कोण झाडाला टांगणार? गावातली कोणीतरी धरून आणली असेल."

"मग मी अजून काय बोंबलतेय?" लंकाबाई म्हणाली. "पोटाला दोर बांधून वडाला टांगली होती मला."

"हात दाखव."

लंकाबाईनं लगेच हात पुढं केला. दीपकनं तो उजेडाकडं वळवला. कोपराखाली हिरवा पडलेला विंचू होता.

"हा विंचू आहे, आजी."

"तेव्हा तुळशीमागं लपला असंल."

"उजवा हात?"

उजवा हात कोरा होता. दीपकनं टीव्ही बंद केला. "संपलं. तू ती नाहीस."

"बरं, नसंल," लंकाबाई म्हणाली. एवढ्या लवकर ती कधीच हरत नसे. तिनं माळ उचलली आणि खाली मान घालून ओवायला लागली.

हर्षालीनं हातातली फुलं खाली ठेवली. ती उठली, फोनपाशी गेली, वहीतला नंबर काढला आणि फिरवायला लागली.

"हॅलो, मॅडम आहेत का? हर्षाली बोलतेय. हो, थांबते." तिनं डोळे पुसले.

"काय सांगणार त्यांना?" कुसाबाईनं विचारलं.

"घरातून नाही म्हणतात."

"येते म्हणून सांग."

हर्षालीनं रिसीव्हरवर हात ठेवला. "पण आजी, तुझी अट?"

कुसाबाईनं माळेला गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. मग डाव्या हाताची ओली बाही सावकाश कोपरापर्यंत सारली.

"रंगवाला डबी घेऊन मागं लागला होता," ती म्हणाली. "तोंडाला काय लावायचं ते लाव म्हटलं त्याला, पण तुळस झाकायची नाय."