रसाळ वाणी

आमचे जुने पाळक बोलताना अडखळायचे, त्यामुळे चर्चमध्ये अर्धी माणसं पेंगायची. नवऱ्याचा मार खाऊन ताई माहेरी आली, तेव्हा ते तिला एवढंच म्हणाले, "प... परत जाऊ नकोस, पोरी."

ते निवृत्त झाले. नव्या पाळकांची वाणी मात्र मधाळ. पहिल्याच रविवारी ते क्षमेवर असे काही बोलले, की सगळ्यांचे डोळे पाणावले. ताईने घरी येऊन बॅग भरली. आई दार अडवून उभी राहिली, तर म्हणाली, "आई, आज देवच बोलला गं माझ्याशी."

महिन्याभरात नवरा तुरुंगात गेला आणि ताईची शवपेटी चर्चमध्ये आली.

प्रार्थना संपल्यावर मावशी डोळे पुसत आईला म्हणाली, "पण काय बोलले गं नवे पाळक! ऐकतच राहावंसं वाटतं."