कडक स्प्रिंग

मी मागे बसले की मुलाची मोटारसायकल बूड टेकायची. मेकॅनिक त्याला म्हणाला, "दादा, आईंच्या वजनाला कडक स्प्रिंग लागेल. पण मग एकटे बसलात, तर गाडी उडवून उडवून तुमची कंबर मोडेल. त्यापेक्षा मऊ घ्या, आईंना बसने पाठवत जा."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "बघतोस काय? मी काही उद्या वाळत नाही."

त्याने कडकच बसवून घेतली.

परवा मी महिनाभर राहायचं म्हणून लेकीकडे आले, तर आज लगेच त्याचा फोन. "आई, गाडी फार उडते गं. कंबर गेली माझी."

"मग मऊ स्प्रिंग बसवून घे की, मेल्या."



"ते नको. तू कधी येतेस ते सांग."