दुखणं कधीपासून

काशीत मणिकर्णिका घाटावर बायकोला अग्नी दिला, तेरावं झालं आणि मी इस्पितळात कामावर परत गेलो. आमच्या रेकॉर्ड विभागात आजाराच्या कोडला आणखी कोड जोडतात: कुठे, किती, कधीपासून. म्हणजे दुखणं नेमकं कळतं. नुकतीच कामाला लागलेली रुची नावाची मुलगी नेमकी मुक्ताचीच फाईल करत होती. मुक्ता माझी बायको, हे रुचीला माहीत नव्हतं.

“सर, पोटाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला, वेदना तीव्र. इथवर जोडलं. पण कधीपासून लिहू? फाईलमध्ये पेशंट म्हणते आठ महिने, नवरा म्हणतो दोन दिवस.”

“पेशंटचं धर.”

“पण नवरा तर सोबतच राहत असेल ना?”

“नाही,” मी म्हणालो. “फक्त एका घरात राहायचा.”