भिंतीपलीकडचा ठेका

इग्नासिओने संमतीचा कागद तिसऱ्यांदा परत सरकवला.

डॉक्टर मीनाक्षीने त्याला पुन्हा एकदा सांगून पाहिलं. मधुमेहामुळे साध्या जखमेचं गँग्रीन झालं होतं. उजवा हात मनगटातून आजच काढला नाही, तर उद्या विष अंगभर पसरणार होतं.

"पसरू दे," तो म्हणाला.

तो कोंगा वाजवायचा. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आल्यापासून चौतीस वर्षं लॅटिन जॅझच्या वाद्यवृंदांत मागे उभा राहून त्याने ते उंच ढोल घुमवले होते. रेकॉर्डांवर नावं दुसऱ्यांची. त्याने रचलेल्या ठेक्यांवर मात्र ब्राँक्समधली दोन पिढ्यांची लग्नं नाचली होती. त्याला नोटेशन येत नव्हतं. कुणाला शिकवायचा धीरही त्याच्यापाशी नव्हता. जे होतं, ते या हातात होतं, आणि हाताबरोबर तेही जाणार होतं. मग नुसतं उरून करायचं काय, असं तो विचारत होता.

मीनाक्षीचे समजुतीचे सगळे शब्द सकाळपासून वापरून झाले होते. ती खुर्चीत बसली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत म्हणू लागली, "धा धा तिरकिट धा धा तू ना..."

इग्नासिओने मान वळवली. हे काय, म्हणून विचारलं. तबल्याचे बोल, ती म्हणाली. तिचे वडील राजारामबुवा सांगलीला तबला शिकवत. "आमच्याकडे ताल आधी तोंडात बसतो, मग हातात उतरतो. तुम्हीही तोंडाने सांगू शकाल."

तो कडवट हसला. "तुम्ही आधी वाजवलंय, म्हणून तुम्हाला म्हणता येतं."

मीनाक्षीला अमेरिकेत येऊन अकरा वर्षं झाली होती, पण आता जे सांगणार होती ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

"मी कधीच वाजवलं नाही," ती म्हणाली. "मुलीच्या जातीला ते शोभत नाही, असं बाबा म्हणायचे. तबल्याला बोटही लावू दिलं नाही. ते पलीकडच्या खोलीत मुलांना शिकवायचे आणि मी भिंतीला कान लावून बोल पाठ करायचे. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

इग्नासिओने डाव्या हाताने कागद ओढला आणि वेडीवाकडी सही केली.

"नेवार्कला माझी मुलगी असते," तो म्हणाला. "नऊ वर्षांची असताना ती कोंगाला हात लावायला आली, तर मी तिला मारलं होतं. तिला फोन करा. तिला सगळं येत असेल."