तिसऱ्या फांदीवर

खूबाईंनी मान हलवली. नाही.

ओबेदनं हातातल्या काडीचं टोक पुन्हा समुद्रपंख्याजवळ, त्या जाळीदार पोवळ्याजवळ, नेलं. डावीकडून तिसरी फांदी, तिला फुटलेलं बेचकं, बेचक्याच्या जरा वर. तांदळाच्या दाण्याहून थोडासाच मोठा, गुलाबी समुद्रघोडा तिथं शेपटीनं फांदी धरून बसतो. मान्सुआर बेटाच्या ह्या पाण्याखालच्या कड्यावर, वीस मीटर खोल, तो कित्येक वर्षं पाहुण्यांना हीच जागा दाखवत आला होता. पाहुणे डोळे मोठे करत, अंगठा आणि बोट जुळवून गोल करत. दिसला, दिसला!

खूबाईंनी पुन्हा मान हलवली. तिसऱ्यांदाही. तेवढ्यात प्रवाहानं ओढ घेतली आणि दोघांना वर यावं लागलं.

गलबताच्या मालकाचा ओबेदला सोरोंग बंदरातून निरोप होता: पेनांगच्या ह्या बाईंनी एकटीसाठी अख्खं गलबत घेतलंय, आठवडाभर. त्या काय म्हणतात ते बघू, नाहीतर पुढच्या हंगामात दुसरा वाटाड्या. आणि खरं सांगायचं तर तो घोडा ओबेदला स्वतःला तीन वर्षांत दिसला नव्हता. क्षितिजावरची होडी त्याला कप्तानाच्या आधी दिसे. हातभर अंतराच्या आतलं मात्र सगळं धुकं. घरचं माणूस दिव्याशिवाय चूल गाठतं, तसा तो आठवणीनं त्या फांदीपाशी जाई.

हे एका दोर्कासला ठाऊक होतं. ती त्याची बायको, गलबतावरची स्वयंपाकीण. वीस वर्षं दोघं ह्याच फळ्यांवर संसार करत होती. त्याच्या सुपारीचा चुना तीच काढून देई. एकदा त्यानं अंदाजानं आपल्या हातानं घेतला, तर तोंड पोळून दोन दिवस नुसत्या सागूच्या खळीवर राहिला.

"काय हो, पळाला का तुमचा घोडा?" तिनं स्वयंपाकाच्या खिडकीतून विचारलं.

"बाईंना दिसला नाही."

"बाईंना?" दोर्कास म्हणाली आणि मासा उलटायला वळली.

खूबाई ओले केस पिळत समोर येऊन बसल्या. अडुसष्टाव्या वर्षीही पाठ ताठ. "ओबेद, तुम्हाला तरी दिसला का?"

ओबेदनं समुद्राकडे पाहिलं. लांबचं सगळं कसं स्वच्छ होतं. बेटं, बगळे, एका होडीचं फाटकं शीड.

"सांगून टाका की," आतून दोर्कासचा आवाज आला. "खरं गिळून बसलात तर पोटात मासा कुठं मावेल?"

"तीन वर्षं झाली, बाई," तो म्हणाला.

खूबाई हसल्या. "वाटलंच मला. सकाळी फळ्यावर माझं नाव लिहिलंत, ते हात लांब करकरून. आमच्या ह्यांनी दहा वर्षं पेपर तसाच वाचला, पण चष्मा म्हणून लावला नाही." त्यांनी आपला मास्क त्याच्यापुढे धरला. "खालच्या अर्ध्या काचेला भिंग चिकटवलंय. घाला. दुपारी पुन्हा जाऊ."

"मग तुम्ही?"

"माझ्याकडे दुसरा आहे. म्हाताऱ्या बाईच्या पिशवीत सगळं दोन दोन असतं."

दुपारी उडी मारण्याआधी ओबेदनं गेलेल्या थोरांच्या नावानं पाण्यात सुपारी सोडली.

"सकाळी दिलीत ना एकदा?" दोर्कासनं टोकलं.

"सकाळचं खोटं होतं."

खाली गेल्यावर त्याला पहिल्यांदा दिसली ती स्वतःची नखं. नखांतली मळाची रेघ, बोटावरचा चुन्याचा पांढरा डाग. मग पंखा समोर आला, आणि त्याच्या जाळीतली टिकली न् टिकली उमलली. त्यानं तिसरी फांदी धुंडाळली. बेचकं, बेचक्याच्या जरा वर.

तिथं एक गाठ होती. पंख्याचीच गुलाबी गाठ. बस्स.

मग ते टाळ्या वाजवणारे इटालियन? एकमेकांना मिठी मारणारं ते नवं जोडपं? तो काडी लावून असा फुलून यायचा, की कुणाला नाही म्हणवलं नसावं. तीन वर्षं सगळ्यांनी त्याच्या आनंदाला मान डोलावली होती. ओबेदला असं हसू फुटलं, की तोंडातून बुडबुड्यांचा झेला सुटला.

आणि त्या बुडबुड्यांखाली, पाचव्या फांदीवर, एक गाठ हलली. तिला डोळा होता. खसखशीएवढा. पोटाची पिशवी टच्च फुगलेली. पिलं पोटात घेऊन नर डुलत होता; समुद्रघोड्यांत ते काम नराचंच.

ओबेदनं काडी लावली आणि खूबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मोठे केले. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला. दिसला, दिसला! चेहरा नुसता फुललेला.

आता जवळचं सगळं त्याला दिसत होतं. खूबाईंच्या मास्कची काचही. ती साधी होती, बिनभिंगाची, वरपासून खालपर्यंत.

त्यानं खूण केली: बदलू. त्या नको नको म्हणत राहिल्या. त्यानं डोळे मिटले आणि आपल्या तोंडावरचा मास्क काढून त्यांच्या हातात दिला. खारं पाणी गालांवर थंड लागलं. बाईंनी आपला मास्क त्याच्या मुठीत दिला, तो त्यानं लगेच घातला नाही. तसाच, डोळे मिटून, शेजारी तरंगत थांबला.

त्यांनी गोल केला का, मान डोलावली का, त्याला काही कळलं नाही. कळलं ते एवढंच, की त्याच्या दंडात बाईंची पाच बोटं एकदम रुतली आणि सोडायचं विसरून गेली.